दारातला सायकस आणि त्याचा शंकू

पुण्या-मुंबईच्या बंगल्यांत, सोसायटीच्या फाटकाशी, मंगल कार्यालयाच्या पायऱ्यांवर दोन बाजूंना दोन, असे एक झाड हमखास भेटते. बुटके, जाडजूड, खवल्याखवल्यांचे खोड आणि त्यावर ताठ, चकचकीत, टोचणाऱ्या झावळ्यांचे गोल छत्र. माळी त्याला सायकस म्हणतो, नर्सरीवाला सागो पाम, आणि येणाराजाणारा पामच समजून पुढे जातो. पाम मात्र ते नव्हे. नारळ आंब्याचा जितका लागतो तितकाही सायकस नारळाचा लागत नाही, कारण नारळाला आणि आंब्याला फूल येते, सायकसला येत नाही. त्याला शंकू येतो, आणि बी फळात झाकलेले नसते, उघडेच वाढते. बी.एस्सी.ला वनस्पतीशास्त्र घेतलेल्या प्रत्येकाने याच्या पर्णिकेचा आडवा छेद घेऊन आकृती काढलेली असते. शंकू मात्र बहुतेकांनी पाहिलेला असतो तो प्रयोगशाळेतल्या बरणीत, फॉर्मॅलिनमध्ये बुडवलेला. दारातल्या झाडाला तो आला की ‘हा काहीतरी रोग पडलाय’ म्हणून कोयत्याने उडवला जातो. माझे मत असे, की सायकस लावण्याचे खरे कारण त्याचा शंकूच आहे. बाकी नुसते छत्र हवे असेल तर त्यासाठी स्वस्त आणि भराभर वाढणारी झाडे पुष्कळ आहेत.

‘डायनासोरच्या काळातले झाड’ ही नर्सरीतली जाहिरात अर्धीच खरी आहे. सायकसवर्गीय झाडांचे जीवाश्म सुमारे २८ कोटी वर्षांपर्यंत मागे जातात, हे खरे. बिहार-झारखंडकडच्या राजमहाल टेकड्यांतून बिरबल साहनींनी १९३२ मध्ये वर्णन केलेली विल्यमसोनिया पाहिली तर कोणालाही सायकसच आठवेल; पण ती दिसायला सारखी, वंशाने निराळी आणि केव्हाच नामशेष झालेली. आज जिवंत असलेल्या सायकसवर्गीयांच्या जाती मात्र तुलनेने ताज्या आहेत. २०११ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या जनुकीय अभ्यासानुसार त्यांतल्या बहुतेक गेल्या सव्वा कोटी वर्षांत वेगळ्या झाल्या. घराणे जुने, माणसे नवी. आज या घराण्यात १० प्रजाती आणि साडेतीनशेहून अधिक जाती आहेत, आणि त्या सगळ्यांत नर झाड वेगळे, मादी झाड वेगळे. अपवाद नाही.

आपल्याकडे नर्सरीत ‘सायकस’ म्हणून मिळतो तो बहुतेक वेळा सायकस रेव्होल्यूटा. मूळचा दक्षिण जपानचा, क्यूशूच्या टोकापासून ऱ्यूक्यू बेटांपर्यंतचा. ऊन, वारा, दुर्लक्ष, सगळे सोसतो. म्हणून बँकांना आणि हॉटेलांना आवडतो. आपल्या सह्याद्रीचा स्वतःचा सायकस आहे तो सायकस सर्सिनॅलिस. लिनिअसने त्याला १७५३ मध्ये नाव दिले. केरळ, कर्नाटक, तमिळनाडूपासून दक्षिण महाराष्ट्रापर्यंत तो रानात आढळतो. मराठीत त्याला मळबारी सुपारी म्हणतात. उंच होतो, झावळ्या लांब आणि मऊ, खाली वाकलेल्या. केरळात त्याला ‘ईन्त’ म्हणतात आणि मलबारकडे त्याच्या बियांचे पीठ, नीट वाळवून आणि पाण्यात मुरवून विष काढल्यावर, खाल्ले जाते. त्याचा नर शंकू जडीबुटीच्या बाजारात ‘जंगली मदनमस्त’ या नावाने ताकदीचे औषध म्हणून विकला जातो, आणि रानातून शंकूच नाहीसे झाले की मादी झाडे वांझ राहतात. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने ही जात संकटग्रस्त ठरवली आहे. कोकणात अंगण असलेल्या माणसाने रेव्होल्यूटाच्या आधी ही लावावी, असे मला वाटते. कुंडी आणि गच्ची असलेल्याने मात्र या भानगडीत पडू नये, तिला जागा लागते. शिवाय परदेशातल्या नर्सऱ्यांत सर्सिनॅलिस म्हणून विकली जाणारी पुष्कळ झाडे प्रत्यक्षात आग्नेय आशियातल्या सायकस रम्फीच्या गोतातली असतात, तेव्हा पाटीवर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही.

ज्याला शंकू पाहण्याची घाई आहे त्याने याच घराण्यातला झामिया फुरफुरेशिया लावावा. मेक्सिकोच्या व्हेराक्रूझ किनाऱ्यावरचा हे बुटके झुडूप, पाने जाड पुठ्ठ्याची वाटतील अशी. रेव्होल्यूटाला बीपासून शंकूपर्यंत दहा-पंधरा वर्षे सहज जातात. झामिया काही वर्षांतच शंकू धरतो आणि मग वारंवार धरतो, मोठ्या कुंडीतसुद्धा. फक्त ‘झेडझेड’ नावाने दिवाणखान्यात ठेवतात ते झाड झामिया समजून आणू नका. नावात साम्य असले तरी ते अळूच्या कुळातले. आफ्रिकेच्या एन्सेफलार्टोसचा नाद हा वेगळ्याच खिशाचा विषय आहे, त्याबद्दल पुढे.

लावण्यात फारशी विद्या नाही, एकच गोष्ट सांभाळायची: पाणी साचता कामा नये. देशावरची काळी माती पावसाळ्यात चिकट होऊन पाणी धरून ठेवते आणि खोड बुडापासून सडते. खोड वरून टणक असते, आत कुजलेले असते, आणि पालवी यायची थांबली तेव्हाच ते कळते. म्हणून जमिनीत लावायचे तर उंचवटा करून, मुरूम, जाड वाळू आणि विटांचे तुकडे घालून. कुंडीत लावायचे तर खाली भोक मोकळे आहे हे दर पावसाळ्याआधी बघून. खोड मातीत गाडू नये, ते मातीवर बसलेले दिसावे. काळ्या, चुनखडीच्या जमिनीत मँगॅनीज झाडाला मिळत नाही आणि नवी पालवी पिवळी, चुरगळलेली येते. शेणखताचे ढीग घातल्याने ते बरे होत नाही, मँगॅनीज सल्फेट द्यावे लागते. कधीकधी मातीच्या वर, खोडाच्या बुडाशी, फाटे फुटलेल्या बोथट मुळ्यांचे पुंजके उगवलेले दिसतात. त्यांना प्रवाळमुळे म्हणतात. त्यांच्या आत नीलहरित शैवाल राहते आणि हवेतला नायट्रोजन झाडाला पुरवते. मुळी आडवी कापली तर आतले हिरवे कडे साध्या डोळ्यांना दिसते. बुरशी समजून ती खरवडून काढण्याचा उद्योग अनेक माळी करतात, त्यांना थांबवावे.

रेव्होल्यूटाला वर्षातून साधारण एकदा पालवी फुटते, सगळ्या झावळ्या एकदम. त्या चार-सहा आठवड्यांत झाडाला हलवू नये, कुंडी फिरवू नये, पाणी तोडू नये. या काळात झालेले वाकडेपण झावळी गळेपर्यंत तसेच राहते. आणि याच काळात पालवीवर एका पाहुण्याची नजर असते. प्लेन्स क्युपिड नावाचे निळसर, नखाएवढे फुलपाखरू कोवळ्या पालवीवर एकेक अंडे घालते. अळ्या हिरव्या किंवा तांबूस असतात आणि भोवती मुंग्या घुटमळत असतात. अळीच्या पाठीवरून पाझरणारा गोड रस मुंग्यांना हवा असतो, त्या बदल्यात त्या अळीची राखण करतात. दुर्लक्ष झाले तर आठवड्याभरात पालवीचे नुसते दांडे उरतात. शहरात हे फुलपाखरू आज एवढे दिसते त्याला आपल्या दारातले सायकसच कारण आहेत. फुलपाखरांची आवड आहे त्याने दोन झाडे लावावीत, एक स्वतःसाठी. बाकीच्यांनी पालवी उलगडेपर्यंत रोज सकाळी हाताने अळ्या वेचाव्यात. फवारणीपेक्षा ते सोपे पडते. खरा शत्रू दुसरा आहे: झावळ्यांच्या पाठीवर पांढरी चुन्याची पूड सांडल्यासारखा बसणारा खवले किडा, औलाकॅस्पिस यासुमात्सुई. थायलंडकडचा हा किडा १९९६ मध्ये फ्लोरिडात आणि २००३ मध्ये ग्वाम बेटावर पोचला. ग्वामच्या जंगलात सर्वांत जास्त संख्येने असलेले झाड म्हणजे तिथला सायकस. या किड्याने काही वर्षांत त्याची दाणादाण उडवली. नवे झाड घरी आणताना झावळ्या उलट्या करून पाहाव्यात, आणि पांढरे ठिपके असतील तर झाड फुकट मिळाले तरी घेऊ नये.

आता शंकू. उन्हाळ्यात, पावसाच्या तोंडावर, छत्राच्या मध्यभागी फुगवटा येतो. पहिले काही दिवस पालवी की शंकू हे सांगता येत नाही. दोन्ही तपकिरी लवीने झाकलेले. मग फुगवटा टोकदार होऊन वर चढू लागला तर झाड नर. रेव्होल्यूटाचा नर शंकू फूट-दीड फूट, कधी दोन फूटही ताठ उभा राहतो, सोनेरी-तपकिरी. त्याच्या खवल्या मळसूत्रासारख्या चढत गेलेल्या; एक खवली काढून उलटी केली की खालची बाजू परागाच्या बारीक बारीक पिशव्यांनी खच्चून भरलेली दिसते. पिकला की खवल्या एकमेकींपासून सुटतात, टिचकी मारली की पिवळा धूर उडतो. संध्याकाळी त्याला हात लावून बघा: शंकू कोमट लागतो. ही उन्हाची ऊब नव्हे. शंकू साठवलेला स्टार्च जाळून स्वतः तापतो. काही जातींत भोवतालच्या हवेपेक्षा दहा अंशांहूनही अधिक. सोबत वासही सुटतो, आंबूस, जरा डोक्यात जाणारा. दिवाणखान्याच्या खिडकीशी नर झाड असेल तर त्या आठवड्यात घरातली मंडळी कुरकुर करणार हे धरून चालावे.

मादीचा शंकू हा खरे तर शंकूच नव्हे. सायकस प्रजातीत मादी झाड पसरट, लोकरी कोबीच्या गड्ड्यासारखे पुंजके धरते. गड्डा सैल झाला की दिसते की प्रत्येक ‘पान’ म्हणजे वर कंगव्यासारखी दातेरी पाती आणि खाली देठाच्या दोन्ही कडांना लव असलेली चार-सहा बीजांडे. उघडी, हाताने चाचपता येतील अशी. आंब्याच्या मोहरात, जास्वंदीत बीजांड पाहायचे तर अंडाशय चिरावे लागते. इथे सगळे वर मांडलेले. झाडांनी बी झाकायला शिकण्याआधीची ही व्यवस्था आहे, आणि ती अंगणात उकिडवे बसून पाहता येते. मादीचा शेंडा मेलेला नसतो; बिया गळून गेल्यावर त्याच मधल्या शेंड्यातून पुढची पालवी येते. नराचे उलटे: शंकू शेंड्यावरच संपतो, आणि पुढची वाढ बाजूच्या डोळ्यातून होते. झामिया वगैरे इतर सायकसवर्गीयांत मात्र मादीचाही शंकू बंद, घट्ट खवल्यांचा असतो. शंकू धरल्याच्या वर्षी झाड पालवी टाकत नाही किंवा उशिरा टाकते, मादी तर एखाद-दुसरे वर्ष स्वस्थ बसते. ते आजारी नसते, खर्ची पडलेले असते. त्या काळात खताचा मारा करू नये.

परागवहन वाऱ्याने होते असे जुन्या पाठ्यपुस्तकांत छापलेले असे, आणि अजूनही कुठे कुठे छापतात. ते आता जुने झाले. जपानच्या योनागुनी बेटावर रेव्होल्यूटाचाच अभ्यास झाला तेव्हा वाऱ्याने पराग जेमतेम दोन मीटरपर्यंत कामाचा ठरतो आणि खरे काम लहान भुंगे करतात असे दिसले. ऑस्ट्रेलियातल्या मॅक्रोझामियाचा प्रकार त्याहून गमतीचा. आयरीन टेरी आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवले की तिथला नर शंकू दिवसा तापतो, वास इतका उग्र करतो की आतले फुलकिडे घाबरून बाहेर पडतात, आणि मादी शंकूच्या सौम्य वासाकडे परागासकट जातात. म्हणजे आधी हाकलायचे, मग बोलवायचे. अगदी अलीकडे हार्वर्डच्या अभ्यासकांनी झामियाच्या सोंड्यांवर काम करून दाखवले की हे किडे शंकूची उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने स्पर्शिकांनी ओळखतात. फुलांचे रंग येण्याच्या आधी परागवाहकांना बोलावण्याची ही एक पद्धत होती.

आपल्या अंगणात हे भुंगे नाहीत. तेव्हा बी हवे तर हाताने पराग द्यावा लागतो, आणि हौशी माणसाने ते करून पाहावेच. नर शंकूच्या खवल्या सुटू लागल्या की तो कापून वर्तमानपत्रावर आडवा ठेवावा. रात्रीतून कागदावर पिवळी भुकटी पडते. मलमलीतून गाळून, सावलीत वाळवून, कागदी पुडीत बांधून, सिलिका जेलच्या पाकिटासह घट्ट डब्यात फ्रिजमध्ये ठेवली की मादी उमलेपर्यंत टिकते; फ्रीझरमध्ये पुढच्या मोसमापर्यंतही. मादीचा गड्डा सैल होतो ते दिवस मोजकेच असतात. बीजांडाच्या टोकाशी चिकट थेंब येतो, त्याला पराग चिकटतो आणि थेंब आत ओढला जातो. लहान रबरी फुग्याने पराग आत फुंकावा, सकाळी, लागोपाठ काही दिवस. त्यानंतर जे घडते ते दिसत नाही, पण माहीत असावे. परागकण महिनोन्महिने बीजांडात नुसता वाढत बसतो. मग त्यातून पोहणारे शुक्राणू सुटतात, हजारो केसलांनी वेढलेले, वनस्पतीसृष्टीत सर्वांत मोठे. झामियाच्या काही जातींत तर नुसत्या डोळ्यांना ठिपक्यासारखे दिसतील एवढे. जपानच्या इकेनो यांनी १८९६ मध्ये रेव्होल्यूटात ते शोधले, त्याच वर्षी हिरासे यांनी गिंकोमध्ये. बीजधारी झाडांत पोहणारे शुक्राणू असतात हे तोवर कोणी पाहिले नव्हते.

हिवाळ्यात बिया नारिंगी-लाल होतात. एक सूचना: पराग न मिळालेले बीजांडही पुष्कळदा फुगून, रंगून बीसारखे दिसते, म्हणून लाल बी म्हणजे रुजणारे बी असे नाही. गर काढून पाण्यात टाकल्यावर रेव्होल्यूटाचे तरंगणारे बी सहसा पोकळ निघते. बुडालेले आडवे, अर्धे मातीत दाबून लावावे आणि विसरून जावे. काही महिन्यांनी एकच झावळी वर येते. एवढा धीर नसेल त्याने खोडाच्या बाजूचे मुनवे काढून, जखम सुकवून, वाळूत लावावेत. मुनवा आईचेच लिंग घेतो, आणि नर-मादी खात्रीने ठरवून लावण्याचा घरगुती मार्ग तोच. बी लावून वाढवलेले रोप नर की मादी हे शंकूच सांगतो, नर्सरीवाल्याने कितीही छातीठोकपणे सांगितले तरी.

किती वाट पाहावी लागू शकते याची टोकाची उदाहरणे लंडनच्या क्यू बागेत आहेत. फ्रान्सिस मॅसनने दक्षिण आफ्रिकेतून आणलेला एन्सेफलार्टोस आल्टेनस्टायनी तिथे १७७५ पासून आहे आणि जगातले सर्वांत जुने कुंडीतले झाड म्हणून त्याची ख्याती आहे. त्याला १८१९ मध्ये शंकू आला, आणि म्हातारे वनस्पतीशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स तो पाहायला मुद्दाम आले. तिथलाच एन्सेफलार्टोस वुडी ही त्याहून करुण गोष्ट. जॉन मेडली वुड यांना १८९५ मध्ये झुलूलँडच्या ओन्गोये जंगलात एकच झाड सापडले, नर. मादी आजवर कोणाला मिळालेली नाही. जगात जिथे जिथे वुडी आहे तिथे तिथे त्याच एका झाडाचा मुनवा आहे. क्यूमधला १८९९ मध्ये आला आणि २००४ मध्ये त्याला पहिला शंकू आला. परागाला जायला जागा मात्र नाही.

विषाबद्दल स्पष्ट लिहिले पाहिजे, कारण नर्सरीत कोणी सांगत नाही. झाडाचा प्रत्येक भाग विषारी, बिया सर्वांत जास्त. त्यांतले सायकॅसिन हे विष यकृतावर घाव घालते. लाल चकचकीत बी कुत्र्याला आवडते आणि एखाद-दुसरे खाल्ले तरी त्याच्या जिवावर बेतते. घरात कुत्रा किंवा रांगते मूल असेल तर मादी झाडाच्या बिया पिकण्याआधीच काढाव्यात. ‘सागो पाम’ नावावरून उपासाच्या साबुदाण्याचे झाड समजणारेही भेटतात. आपला साबुदाणा तमिळनाडूकडच्या टॅपिओकाच्या कंदाचा असतो, त्याचा याच्याशी संबंध नाही. ऱ्यूक्यू बेटांवर दुष्काळात लोक सायकस धुऊन, आंबवून खात. १९२० च्या दशकातल्या ओकिनावातल्या हलाखीला ‘सोतेत्सु जिगोकु’, म्हणजे सायकसचा नरक, असेच नाव पडले. ग्वाममधल्या चामोरो लोकांतल्या मज्जाविकाराचा संबंध सायकसच्या पिठाशी जोडला गेला. मज्जाविकारतज्ज्ञ लेखक ऑलिव्हर सॅक्स यांनी त्यावर लिहिले, वटवाघळांमार्फत विष साचत जाते असा तर्कही मांडला गेला, पण तो वाद मिटलेला नाही.

आणि शेवटचा प्रश्न, झाड आणायचे कुठून. सायकसवर्गीय झाडे आज सर्वाधिक संकटात असलेल्या वनस्पतींपैकी आहेत, आणि त्याचे एक मोठे कारण आपल्यासारखे हौशी लोकच आहेत. २०१४ मध्ये केपटाउनच्या किर्स्टनबॉश बागेतून चोवीस एन्सेफलार्टोस चोरीला गेले, बहुतेक अत्यंत दुर्मीळ लॅटिफ्रॉन्स जातीचे. रानातल्या झाडांच्या खोडांत आता मायक्रोचिप बसवतात. संपूर्ण एन्सेफलार्टोस प्रजाती साइट्स या वन्य जीव-वनस्पतींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे. आंध्रच्या तिरुमला-कडप्पा टेकड्यांवरचा आपला सायकस बेडोमीही तिथेच आहे आणि वन्यजीव संरक्षण कायद्यानेही त्याला संरक्षण आहे. स्वस्तात मिळणारे, झावळ्या छाटलेले, मुळे तुटलेले, हातभर जाड खोड बघून हुरळू नये. एवढे खोड व्हायला अनेक दशके लागतात. ते कोणी वाढवले याचा हिशेब विक्रेत्याला देता येत नसेल तर ते कोणीतरी उपटून आणलेले आहे असे समजावे. रोप किंवा मुनवा घ्यावा.

ज्यांच्या दारात जुना सायकस आहे त्यांना एवढेच सांगणे: या उन्हाळ्यात छत्राच्या मध्यात फुगवटा दिसला तर माळ्याला कोयता लावू देऊ नका. नर असेल तर कुंडीवर रंगाने ‘नर’ आणि महिना लिहा, पराग पुडीत बांधून ठेवा, आणि गावात मादी कोणाकडे उमलली आहे याची चौकशी करा.